‘इतर’ नावाचा रकाना

विक्री न होण्याची कारणे पाचच असतात, असे मी एकोणीस वर्षे मानत आलो होतो. ग्राहक घरी नव्हता. निर्णय घेणारी व्यक्ती घरी नव्हती. किंमत जास्त वाटली. दुसऱ्या कंपनीची वस्तू आधीच घरात होती. आणि पाचवे, ‘इतर’. ही यादी माझीच. घरोघरी जाऊन स्वयंपाकघरातली उपकरणे विकणाऱ्या एका कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात मी विक्रीच्या आकड्यांचा विभाग सांभाळत असे, आणि राज्यभर फिरणाऱ्या मुलांनी रात्री भरून पाठवायच्या अहवालाचा तक्ता मी बसवलेला होता. कोणी मनचे काही लिहू नये म्हणून कारणांचा रकाना यादीतून निवडायचा ठेवला होता, कारण मनाने लिहिलेल्या कारणांची बेरीज करता येत नाही. ज्याचा आकडा उद्दिष्टाच्या सत्तर टक्क्यांखाली जाईल त्याची ओळ आपोआप तांबडी होई. सकाळी साडेनऊला चहाचा कप घेऊन मी ती पत्रके उघडत असे, आणि वरून खाली नजर टाकली की त्या दिवशी कोणाकोणाला फोन जायचे ते समजत असे.

२०१६ साली नाशिकला झालेल्या एका आढावा बैठकीत मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. तो म्हणाला, “सर, यादीत अजून एक कारण टाकता येईल का? ‘गरज नाही’ असं.” मी माइक हातात घेऊन त्याला सांगितले, “गरज नसते असं काही नसतं. गरज निर्माण करायची असते, त्याचेच पैसे मिळतात तुम्हाला.” सभागृह हसले, तोही हसला आणि खाली बसला. वर्षभरात तो नोकरी सोडून गेला. त्याचे नाव मला आठवत नाही. ओळ तांबडी असायची, एवढे मात्र आठवते.

ऑगस्ट २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. माझे काम वाईट आहे असे कोणी म्हणाले नाही. पाच राज्यांचे आकडे आता एकाच ठिकाणी, एकाच सॉफ्टवेअरमध्ये गोळा होणार होते, त्यामुळे माझा विभागच उरला नव्हता. बैठक पाऊण तास ठेवलेली होती आणि चौदा मिनिटांत संपली. मला कमी केले असे कागदावर कुठेही नाही. कागदावर राजीनामा मीच दिलेला आहे, वैयक्तिक कारणास्तव. ग्रॅच्युइटीचा हिशेब कायद्याने ठरलेला असतो: पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना धरायचा सव्वीस दिवसांचा. एकोणीस वर्षांचे त्या सूत्राने जवळजवळ अकरा महिन्यांचे वेतन होते. पण ते मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरून, आणि ज्या आकड्याच्या जोरावर आपण घराचे कर्ज काढलेले असते तो आकडा वेगळाच असतो. सर्वांत मोठा धक्का मात्र पैशांचा नव्हता. शहात्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या आईचा आरोग्य विमा कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत होता, आणि माझ्या शेवटच्या दिवसाबरोबर तोही संपला. हे मला त्या चौदा मिनिटांत सुचले नाही. रात्री अडीच वाजता सुचले.

नोकरी गेलेली माणसे घरी न सांगता रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात, असे कथांमधून वाचलेले असते. मी त्याच संध्याकाळी घरी सांगितले. बायको एका सहकारी बँकेत आहे. तिने ऐकून घेतले, कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला जातो ते विचारले आणि कुकर लावला. पुढचे सात महिने अर्ज करण्यात, ओळखीच्या लोकांना जेवायला बोलावण्यात आणि वयाने निम्म्या असलेल्या मुलामुलींना संगणकाच्या पडद्यावरून मुलाखती देण्यात गेले. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला “तुमचा अनुभव फारच मोठा आहे” असे म्हणाले की ते काय सांगत असतात, हे कळायला मला त्यांतले चार महिने लागले.

याच काळात कॉलेजातल्या एका मित्राने मला एका हॉटेलच्या सभागृहात नेले. काय आहे ते आधी सांगायचे नाही, असा त्याचा आग्रह होता, आणि तेव्हाच मी ओळखायला हवे होते. दीडशे खुर्च्या, मोठ्याने वाजणारे संगीत, टाय लावलेले वक्ते, आणि दर पाच मिनिटांनी टाळ्या. मालाबद्दल (तो बहुधा कसल्यातरी पोषक भुकटीचा होता) दीड तासात दहा मिनिटेच बोलणे झाले; बाकी सगळा वेळ ‘तुमचे स्वप्न काय?’ यावर गेला. प्रत्येकाने पाच माणसे आणायची, त्या पाचांनी प्रत्येकी पाच. मी आकड्यांचा माणूस असल्यामुळे दिलेल्या वहीच्या मागच्या पानावर पाचाचे घात मांडत गेलो. बाराव्या पायरीवर २४ कोटी ४१ लाख ४० हजार ६२५ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या जवळ आहे. हे पान मी शेजारी बसलेल्या गृहस्थांना दाखवले. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले होते, चष्मा वर करून त्यांनी नीट वाचले, आणि म्हणाले, “पण आपण तर तिसऱ्याच पायरीवर आहोत ना?”

त्या उत्तरातली हतबलता मी अजून विसरलेलो नाही. पैशांच्या साखळ्या चालवायला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिडच्या पद्धतीच्या योजना थेट विक्रीच्या नावाखाली चालवायलाही मनाई केली आहे. तरीही त्या सभागृहांतल्या खुर्च्या भरतात, कारण त्या दीडशे माणसांपैकी बहुतेकांना कित्येक महिन्यांत कोणी ‘तुम्ही हे करू शकाल’ असे म्हणालेले नसते. मलाही नव्हते. मित्राला नाही म्हणायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत कोणते पाच जण आणता येतील याची यादी मी मनात करून पाहिलेली होती, हे इथे लिहून ठेवतो.

थेट विक्रीत मी गेलो तो दुसऱ्या दाराने. कर्वेनगरातल्या आमच्या घराजवळच्या एका वितरकाला जलशुद्धीकरण यंत्रांचे डेमो देणारी माणसे हवी होती. पगार नाही, यंत्रामागे कमिशन, गाडी आणि पेट्रोल आपले. घरोघरी जाऊन असा माल विकण्याचा रिवाज आपल्याकडे नवा नाही. १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सची टाय लावलेली मुले आधी व्हॅक्युम क्लीनर आणि मग पाण्याची यंत्रे घेऊन जिने चढत असत, ते माझ्या वयाच्या लोकांनी पाहिलेले आहे. पण त्याहून जुनी म्हणजे बोहारीण. जरीच्या जुन्या साड्या घेऊन त्यांवर पातेली देणारी बोहारीण आमच्या वाड्याच्या पायरीवर बसून आईशी तास तास घासाघीस करीत असे. मी काम घेतल्याचे सांगितले तेव्हा आईला तीच आठवली. “लोकांच्या दारात जाणार? या वयात?” एवढे बोलून ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “बोहारणीला निदान ठाऊक असायचं की या घरात जुनी लुगडी आहेत.” मला ते तेव्हा टोचले, पण त्यात काय आहे ते कळले नाही.

तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. माझा वरिष्ठ एकोणतीस वर्षांचा होता आणि मला ‘सर’ म्हणत असे, ज्याचा त्याला आणि मला सारखाच त्रास होई. पहिल्या दिवशी पाठीवर लावलेल्या बॅगेत माहितीपत्रके, पावतीपुस्तक, दोन काचेचे ग्लास, पाण्यातले क्षार मोजणारे पेनाएवढे टीडीएस मीटर आणि डेमोचे विजेवर चालणारे उपकरण होते. ओळखपत्र गळ्यात. एप्रिलचा महिना. माझ्या जुन्या तक्त्यात दिवसाचे उद्दिष्ट पंचवीस घरांचे असे; ‘२५’ हा आकडा मीच टाकलेला होता, आणि तो कुठून आणला होता ते आठवून पाहिले तर आधीच्या वर्षी बावीस होता एवढेच आठवले.

पंचवीस घरे म्हणजे काय, हे बुटांवरून समजते. आत घेणाऱ्या प्रत्येक घरी बूट काढावे लागतात आणि निघताना घालावे लागतात, तेही दारात उभे राहून, पाठीवर ओझे असताना, घरातले माणूस दार लावण्याची वाट पाहत असताना. दुसऱ्याच दिवशी मी नाडीचे बूट बदलून बिननाडीचे घेतले. तिसऱ्या दिवशी मोज्यांचे तीन नवे जोड आणले. बेल वाजवल्यावर दोन पावले मागे सरून उभे राहावे, म्हणजे आतल्या माणसाला आपण पूर्ण दिसतो, हेही पायांनाच आधी कळले. दाराच्या भिंगातून येणारा उजेडाचा ठिपका मध्येच काळा होतो. म्हणजे कोणीतरी पलीकडून पाहत आहे. तो ठिपका पुन्हा उजळला आणि दार उघडले नाही, म्हणजे उत्तर मिळाले. पहिल्या आठवड्यात मला सर्वांत कठीण गेले ते हेच: अपमान करायला समोर कोणी नसते, एक ठिपका काळा होतो आणि पुन्हा पांढरा होतो. त्याआधीची एकोणीस वर्षे मी कुठेही गेलो तरी माझ्याआधी कंपनीचे नाव आत गेलेले असे, आणि मी त्याच्या मागोमाग जाऊन बसत असे.

नव्या सोसायट्यांत तर दारापर्यंतच पोचता येत नाही. फाटकावरचा रखवालदार फोनवरच्या अॅपमधून वर विचारतो, वरून नकार येतो आणि आपण परत फिरतो. यात ग्राहकाचे काही चुकत नाही, कारण पूर्वपरवानगीशिवाय आणि ओळखपत्राशिवाय विक्रेत्याने कोणाच्या घरी जाऊ नये, असे थेट विक्रीच्या त्या २०२१ च्या नियमांतच लिहिलेले आहे. त्यामुळे सकाळचे दोन तास फोन करून वेळ मागण्यात जात. आणि पुण्यात दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, हे कोणत्याही नियमात लिहिण्याची गरज नाही.

आता त्या डेमोविषयी. दोन ग्लास घ्यायचे, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात आपल्या यंत्रातले आरओचे, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून क्षार काढलेले पाणी. उपकरणाला सळयांच्या दोन जोड्या असतात, त्या दोन्ही ग्लासांत सोडायच्या आणि बटण दाबायचे. मिनिटभरात नळाचे पाणी पिवळे होते, मग गढूळ, मग हिरवट तपकिरी, आणि वर शेवाळासारखा घाण थर येतो. आरओचे पाणी जसेच्या तसे राहते. त्या क्षणी काही बोलायचे नाही, असे आम्हांला शिकवलेले होते. मोजून दहा सेकंद गप्प राहायचे आणि मग फक्त विचारायचे, “घरात लहान मुलं आहेत का हो?” पहिल्या अडीच महिन्यांत मी या पद्धतीने अकरा यंत्रे विकली. माझी ओळ हिरवी होती.

जुलैमध्ये कोथरूडला मयूर कॉलनीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडणाऱ्या बाई पंच्याहत्तरीच्या होत्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, हे मला नंतर समजले. “बसा. पाणी घेता?” असे त्यांनी विचारले, आणि पाण्याचे यंत्र विकायला आलेला मी त्यांच्या माठातले पाणी पूर्ण भांडेभर प्यालो, कारण तीन जिने चढून आलो होतो. मग मी माझे ग्लास मांडले. मीटर नळाच्या पाण्यात बुडवले, ६४ आले. तो आकडा त्यांनी वाकून वाचला. मी सळया सोडल्या, बटण दाबले, पाणी गढूळ झाले आणि मी शिकवल्याप्रमाणे गप्प राहिलो. बाईही गप्प राहिल्या. दहा सेकंद होऊन गेले. मग त्या उठून आत गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन आल्या.

“आता तुमच्या त्या शुद्ध ग्लासात चिमूटभर मीठ टाका, आणि पुन्हा चालू करा.”

मी टाकले. मिनिटभरात माझे आरओचे पाणी नळाच्या पाण्याहून काळे झाले.

“कशानं झालं?” त्यांनी विचारले. हा प्रश्न रागाचा नव्हता. फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाला विचारतात तसा होता, आणि मला उत्तर येत नव्हते. त्यांनी सळया बाहेर काढायला लावल्या, एका फडक्याने पुसल्या आणि दाखवल्या. प्रत्येक जोडीतली एक सळई लोखंडाची होती, दुसरी अॅल्युमिनियमची. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, तशी लोखंडाची सळई विरघळू लागते, आणि जो थर वर येतो तो त्या लोखंडाचा, म्हणजे गंजाच्याच भाऊबंदांतला. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई तशीच राहते. “घाण पाण्यात नव्हती,” बाई म्हणाल्या, “तुम्ही बॅगेतून घेऊन आलात.” मी ग्लास धुवायला मागितले, तेव्हा त्यांनी ते स्वतःच धुऊन दिले. निघताना मी बूट घालत असताना त्यांनी विचारले, “आधी काय करत होतात?” मी सांगितले. त्या म्हणाल्या, “मग आकडे वाचता येतात तुम्हांला. ६४ म्हणजे काय ते वाचा घरी जाऊन.”

वाचले. भारतीय मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने, जिथे हा आकडा ५०० च्या आत आहे तिथे आरओ यंत्रांना मनाई करावी असे निर्देश दिले होते, कारण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. पुण्याच्या जुन्या भागात पाणी येते ते खडकवासल्यातून, म्हणजे पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचे सह्याद्रीतले पावसाचे पाणी. ते मुळातच हलके. त्यातून आरओने क्षार काढणे म्हणजे टकल्या माणसाने कंगवा विकत घेणे. त्याच शहरात पूर्वेला वाघोलीसारखी जी गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली, तिथल्या कित्येक सोसायट्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर आहेत. तिथे माझे मीटर सहज ९०० आणि ११०० दाखवते, गिझरच्या कॉइलवर बोटभर चुना चढतो, आणि चहावर साय यावी तसा तवंग येतो. म्हणजे माझ्या बॅगेतली वस्तू निरुपयोगी नव्हती. मी ती घेऊन चुकीच्या जिन्यांवर चढत होतो.

त्या अकरा घरांचे काय केले, असे कोणी विचारील. मीटरची नोंद प्रत्येक पावतीवर मीच लिहिलेली होती. अकरांपैकी आठ घरे शंभराच्या आतली निघाली. आठांपैकी पाच ठिकाणी मी परत गेलो. दोघांच्या यंत्रात कच्चे पाणी थोडे मिसळू देणारा टीडीएस कंट्रोलर होता, तो सेवा विभागातल्या मुलाकडून नीट लावून घेतला. एकाने पैसे परत मागितले, आणि ते मला देता आले नाहीत. कमिशनएवढी रक्कम देऊ केली ती त्याने घेतली नाही, वर दार लावताना जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही आणि खोटेही नाही. एक काकू म्हणाल्या, “आता बसवलंय तर राहू दे, छान दिसतं ओट्यावर.” पाचव्या घरी कुलूप होते. उरलेल्या तीन घरी जायचे मी आज जाऊ, उद्या जाऊ करीत राहिलो, आणि अजून गेलेलो नाही.

डेमोचे उपकरण मी वितरकाकडे जमा केले. पुढचे तीन महिने इतके वाईट गेले की ग्रॅच्युइटीच्या पैशांतून मुलीची फी भरावी लागली. मग हळूहळू वाघोली, मांजरी, उंड्री या बाजूंना जाऊ लागलो, आधी सोसायटीच्या समितीला भेटून टाकीच्या पाण्याचे मोजमाप करून देऊ लागलो, आणि ज्या इमारतीत महापालिकेचे पाणी येते तिथे अतिनील किरणांनी जंतू मारणारे साधे यूव्ही यंत्र पुरे आहे किंवा पाणी उकळून प्या, असे सांगू लागलो. यूव्हीच्या यंत्रावर कमिशन निम्म्याहून कमी. उकळण्यावर अर्थातच काही नाही. पण एका सोसायटीतल्या सेक्रेटरींनी दुसरीतल्या साडूला माझा नंबर दिला, आणि फाटकावरचा रखवालदार वर फोन करायच्या आधीच मला ओळखू लागला. माझ्या जुन्या तक्त्यात ‘रेफरन्स’ नावाचा रकाना होता. त्याला मी भारांक दिला होता शून्य पूर्णांक एक.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले आणि संशय पाण्यावर गेला. त्या आठवड्यात आम्हां सगळ्यांच्या फोनवर निरोप आला: संधी आहे, त्या भागात उतरा. मी उतरलोही, ते नाकारत नाही. लोक दारातच विचारत होते, “किती टीडीएस आहे बघा हो आमचा,” आणि मीटर बुडवून आकडा दाखवणे अगदी सोपे होते. पण ते पेन फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगते. जंतू त्याला दिसत नाहीत. पन्नास टीडीएसच्या पाण्यातही जुलाब होतील असे जंतू असू शकतात. पाणी उकळून पिण्याच्या सूचना महापालिका देतच होती. मी तीन दिवसांत एकोणचाळीस घरी गेलो, एकोणचाळीस वेळा मीटर बॅगेतच ठेवले, आणि पाणी खळखळून उकळी आल्यावर किती वेळ ठेवायचे ते सांगितले. चार यंत्रे विकली गेली, ती ज्यांना रोज उकळणे शक्य नव्हते त्यांना. बायकोला हा हिशेब सांगितला तेव्हा ती म्हणाली, “एकोणचाळीस घरी फुकट बोललास? ऑफिसात याला ट्रेनिंग म्हणायचे आणि वरून जेवण द्यायचे.”

आज माझे उत्पन्न जुन्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास फिरते. आईचा स्वतंत्र विमा मिळाला, पण मधुमेहाला प्रतीक्षाकाळ आहे आणि हप्ता ऐकून ती स्वतःच म्हणाली की एवढ्यात मी आजारी पडणार नाही. घराचे कर्ज आम्ही मुदत वाढवून घेतले. नोकरीचे अर्ज मी अजूनही अधूनमधून करतो; हे सगळे सोडून आता मला रस्त्यावरच राहायचे आहे, असे मी कोणाला भासवत नाही. पावसाळ्यात गुडघा दुखतो.

या महिन्यात आमच्या कंपनीनेही अहवालासाठी नवे अॅप आणले. रात्री जेवण झाल्यावर दिवसाच्या भेटी त्यात भरायच्या असतात. काल कोथरूड, एरंडवणे आणि डेक्कन असा भाग वाटून आला होता, बावीस घरे झाली, विक्री शून्य. पहिली भेट भरली आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवले तेव्हा यादी खाली उघडली: ग्राहक घरी नव्हता, निर्णय घेणारी व्यक्ती घरी नव्हती, किंमत, दुसऱ्या कंपनीचे यंत्र, इतर. क्रमसुद्धा तोच. ती कोणी बसवली असेल ते मला माहीत नाही. कुठेतरी चहाचा कप घेऊन बसलेला माझ्यासारखाच एक माणूस असेल. ‘इतर’ निवडले की या अॅपमध्ये एक छोटी चौकट उघडते आणि तीस अक्षरे लिहिता येतात. मी लिहिले, ‘गरज नाही’. दुसऱ्या भेटीलाही तेच, तिसरीला दुसऱ्या कंपनीचे यंत्र, चौथीला पुन्हा ‘गरज नाही’. सतरा वेळा लिहिले.

आज सकाळी साडेनऊला माझ्या वरिष्ठाचा फोन आला. मागे कपबशीचा आवाज येत होता.

“सर, तुमचं कालचं बघतोय. हे सतरा ठिकाणी ‘गरज नाही’ म्हणजे नक्की काय?”

“नळाच्या पाण्याचा टीडीएस,” मी म्हणालो, “वाचून दाखवतो, लिहून घ्या. पहिल्या घरी ६१. दुसऱ्या घरी ६६.”

तो थांबला. मग कागद ओढल्याचा आवाज आला. “हां, सांगा सर. तिसरं?”

“तिसऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीचं आहे, ते यादीत आहे. चौथ्या घरी ५८.”